कीड सर्वेक्षण प्रणालीचे प्रशासन : सेटिंग, ओळखपडताळणी आणि वापरकर्त्यांचे अधिकार

गेल्या दीड दशकात कीड-रोग सर्वेक्षणाचे काम वहीतून मोबाइलमध्ये आले आहे. सन २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. गावपातळीवरील नोंद संगणकावर भरावयाची, तिची आर्थिक नुकसानीच्या पातळीशी तुलना करावयाची आणि सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावयाचा, ही साखळी त्यातून रूढ झाली. पुढे केंद्र शासनाच्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचे लोकार्पण १५ ऑगस्ट २०२४ रोजी झाले. आज राज्य कृषी विभाग, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि शेतकरी उत्पादक कंपन्या अशा अनेक स्तरांवर लहानमोठी सर्वेक्षण अ‍ॅप वापरात आहेत.

या प्रणालींविषयी बोलताना चर्चा बहुधा किडीची ओळख, नमुना पद्धती व फवारणीचा सल्ला यांभोवती फिरते. प्रणालीचे प्रशासन, म्हणजे कोणाला लॉगिन द्यावे, कोणी काय बदलावे, नोंद कोणी तपासावी, हे काम मात्र ‘संगणकवाल्यांचे’ समजले जाते. प्रत्यक्षात तालुका किंवा जिल्हा पातळीवर प्रशासकाचे खाते कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे किंवा विषयतज्ज्ञाकडेच असते. त्याच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे हजारो शेतकऱ्यांना अनावश्यक फवारणीचा संदेश जाऊ शकतो किंवा आवश्यक संदेश रोखला जाऊ शकतो. म्हणून या विषयाचा विचार पीक संरक्षणाचाच एक भाग म्हणून करणे आवश्यक आहे.

नोंद करणाऱ्याची ओळख हा नोंदीचाच भाग

कीटकशास्त्रात नमुन्यासोबत चार गोष्टी लिहिल्या जातात : ठिकाण, तारीख, यजमान पीक आणि संकलकाचे नाव. यांपैकी एकही नसल्यास नमुन्याचे शास्त्रीय मूल्य घटते. सर्वेक्षणातील आकड्यालाही हाच नियम लागू पडतो. कपाशीच्या पानावरील तुडतुड्यांची पिल्ले व फुलकिडे यांची मोजणी निरीक्षकाच्या सरावावर अवलंबून असते. नवख्या सर्वेक्षकाकडून फुलकिडे हमखास कमी मोजले जातात. कोणत्या सर्वेक्षकाची मोजणी सातत्याने कमी किंवा जास्त येते हे कळले, तर त्याला पुन्हा प्रशिक्षण देता येते आणि जुन्या नोंदींचा अर्थही योग्य लावता येतो.

एका मंडळातील सर्व सर्वेक्षक एकच लॉगिन वापरत असतील, तर ही शक्यता संपते. सामायिक लॉगिनची सवय सोयीपोटी लागते : एकाचा फोन बंद पडतो, दुसऱ्याला ओटीपी येत नाही, हंगाम तर थांबत नाही. पण त्यामुळे चुकीची नोंद कोणाची हे शोधता येत नाही आणि प्रामाणिक सर्वेक्षकावरही संशय येतो. ‘एक व्यक्ती, एक खाते’ हा प्रशासनाचा पहिला नियम सुरक्षेइतकाच शास्त्रीय शिस्तीसाठीही आहे.

ओळखपडताळणी व अधिकार : दोन वेगळ्या गोष्टी

लॉगिन करणारी व्यक्ती खरोखर तीच आहे का, या प्रश्नाचे उत्तर ओळखपडताळणी देते. त्या व्यक्तीला काय करण्याची मुभा आहे, हे अधिकार ठरवतात. कार्यालयाच्या फाटकावर ओळखपत्र पाहणे ही पहिली गोष्ट, तर कीटकनाशकांच्या कोठाराची किल्ली कोणाकडे असावी ही दुसरी. फाटकातून आत आलेल्या प्रत्येकाला कोठाराची किल्ली दिली जात नाही. संगणक प्रणालीत मात्र ही गल्लत वारंवार होते, कारण नवे खाते तयार करताना सर्व अधिकार देणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग असतो.

अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत आणि व्यक्तीला भूमिका द्यावी. सर्वेक्षण प्रणालीसाठी पुढील पाच भूमिका सहसा पुरेशा ठरतात.

• कीड सर्वेक्षक : नेमून दिलेल्या गावांतील नोंद भरणे, छायाचित्र जोडणे, स्वतःच्या नोंदी पाहणे. पाठविलेली नोंद पुसण्याचा अधिकार नसावा. दुरुस्तीची विनंती मात्र करता यावी.
• पर्यवेक्षक : मंडळातील सर्व नोंदी पाहणे, शंकास्पद नोंद कारणासह परत पाठविणे.
• विषयतज्ज्ञ : किडीची ओळख निश्चित करणे, आर्थिक नुकसानीची पातळी व सल्ल्याचा मजकूर प्रस्तावित करणे.
• सल्ला मंजूर करणारा अधिकारी : प्रस्तावित सल्ला तपासून प्रसारित करणे.
• प्रणाली प्रशासक : खाती उघडणे व बंद करणे, भूमिका देणे, तांत्रिक सेटिंग सांभाळणे.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. प्रणाली प्रशासकाला सल्ला मंजूर करण्याचा अधिकार नसावा आणि सल्ला मंजूर करणाऱ्याला स्वतःची भूमिका वाढवून घेता येऊ नये. प्रस्ताव एकाचा, मंजुरी दुसऱ्याची, ही दोन हातांची पद्धत रोख रकमेच्या व्यवहारात सर्वत्र पाळली जाते. पीक सल्ल्यातही ती तितकीच गरजेची आहे.

नव्या किडीच्या बाबतीत ही विभागणी फार मोलाची ठरते. मक्यावरील लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात झाली. अशा परकीय किडीची संशयित नोंद सर्वेक्षकाने तत्काळ भरलीच पाहिजे. परंतु ओळख निश्चित होण्यापूर्वी ती सर्वांना दिसू लागली, तर अफवा पसरून घाबरगुंडीने फवारण्या होतात. म्हणून ‘संशयित’ स्थितीतील नोंद फक्त पर्यवेक्षक व विषयतज्ज्ञांना दिसावी आणि शिक्कामोर्तबानंतरच ती सार्वजनिक नकाशावर यावी, अशी सेटिंग ठेवावी. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, संशयित नोंद भरली जाताच विषयतज्ज्ञाला आपोआप सूचना गेली पाहिजे. अन्यथा गुप्ततेच्या नावाखाली ती पडून राहते.

ओळखपडताळणी : शेतातील वास्तव

पासवर्डच्या बाबतीत जुने नियम आता मागे पडले आहेत. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती केली, की वापरकर्ते त्याच शब्दापुढे महिन्याचा आकडा लावतात किंवा तो वहीच्या मुखपृष्ठावर लिहितात. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनीही ठराविक मुदतीने सक्तीचा बदल करण्याऐवजी पासवर्डच्या लांबीवर भर दिला आहे. चार-पाच असंबद्ध शब्दांचा, सहज लक्षात राहणारा पण लांब पासवर्ड चांगला. गळतीचा संशय आल्यास मात्र तो लगेच बदलावा. गाव, पीक, मोबाइल क्रमांक किंवा जन्मसाल यांवरून बनविलेला पासवर्ड टाळावा.

प्रशासकाने वापरकर्त्याला पासवर्ड विचारू नये व प्रणालीनेही तो प्रशासकाला दाखवू नये. चांगल्या प्रणालीत पासवर्ड मूळ स्वरूपात साठविला जात नाही. त्याचे एकदिशी गणिती रूप, म्हणजे हॅश, साठविले जाते. एखाद्या अ‍ॅपमध्ये प्रशासकाला सर्वांचे पासवर्ड वाचता येत असतील, तर त्या अ‍ॅपची रचनाच सदोष आहे आणि पुरवठादाराकडून ती दुरुस्त करून घेतली पाहिजे.

दुसरा टप्पा म्हणून बहुतेक प्रणाली मोबाइलवर ओटीपी पाठवितात. डोंगराळ व जंगलालगतच्या गावांत इंटरनेट कसेबसे मिळते, पण संदेश तासभर उशिरा येतो. अशा ठिकाणी वेळेवर आधारित सांकेतिक क्रमांक देणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप उपयोगी पडते. हा क्रमांक फोनमध्येच तयार होतो व साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. त्यासाठी संदेश येण्याची गरज नसते. फोनचे घड्याळ अचूक असणे मात्र अनिवार्य आहे. म्हणून ‘स्वयंचलित वेळ’ ही सेटिंग सुरू ठेवण्याची सूचना प्रशिक्षणातच द्यावी.

दुसरा टप्पा सर्वांना सारखाच सक्तीचा करण्याची गरज नाही. प्रशासक, विषयतज्ज्ञ व मंजुरी अधिकारी यांना तो प्रत्येक लॉगिनला सक्तीचा असावा. सर्वेक्षकाला नव्या फोनवर पहिल्यांदा लॉगिन करताना तो पुरेसा आहे. त्यानंतर त्याच फोनवर पिनने अ‍ॅप उघडता यावे. शेतात नेटवर्क नसताना नोंद फोनमध्ये साठून राहावी आणि नेटवर्क येताच सर्व्हरवर जावी. सत्राची मुदत ठरवताना हे ध्यानात ठेवावे. पंधरा मिनिटांत लॉगिन आपोआप बंद होणारी सेटिंग कार्यालयातील प्रशासकासाठी योग्य, पण शेतात नोंद भरणाऱ्यासाठी जाचक ठरते. अर्धी भरलेली नोंद एकदा नष्ट झाली, की सर्वेक्षक पुढील वेळी कागदावर लिहून रात्री घरी अंदाजाने आकडे भरू लागतो.

सेटिंग : लहान आकडा, मोठा परिणाम

सर्वेक्षण प्रणालीतील सर्वांत संवेदनशील सेटिंग म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग, किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा हिरवी बोंडे, ही पातळी प्रचलित आहे. हा आकडा प्रणालीत भरताना चुका प्रामुख्याने तीन ठिकाणी होतात.

पहिली चूक एककाची. समजा, सर्वेक्षक आठवड्यातून एकदा सापळा पाहतो व त्यात २८ पतंग आढळतात. सात रात्रींची सरासरी प्रति रात्र ४ येते, म्हणजे पातळीखाली. परंतु रकान्यात ‘एकूण पतंग’ भरले आणि प्रणालीने २८ ची तुलना थेट ८ शी केली, तर विनाकारण फवारणीचा सल्ला जातो. याउलट कोणी तीन रात्रींची बेरीज म्हणून पातळी २४ अशी बदलली आणि प्रणाली मात्र एका रात्रीचाच आकडा तपासत राहिली, तर ९, १० व ८ अशा सलग तीन रात्री पातळी गाठूनही सल्ला जाणार नाही. म्हणून ‘सापळा शेवटचा रिकामा केल्याची तारीख’ हा रकाना सक्तीचा असावा. आठवड्याच्या सरासरीतून सलग तीन रात्रींचे चित्र कळत नाही, हेही विसरू नये. पतंगांची संख्या वाढू लागताच रोजची नोंद मागणारी सेटिंग सुरू करावी.

दुसरी चूक भाजकाची. २० हिरवी बोंडे फोडून त्यांत २ बोंडांत अळी आढळली, तर प्रादुर्भाव १० टक्के. पण सर्वेक्षकाने १० च बोंडे फोडली व एकात अळी आढळली, तरीही प्रादुर्भाव १० टक्केच असतो. प्रणालीत भाजक २० असा पक्का बसविलेला असेल, तर ती ५ टक्के दाखवील आणि सल्ला रोखला जाईल. तपासलेल्या बोंडांची संख्या प्रत्यक्ष भरून घेणे व किमान नमुना पूर्ण नसल्यास इशारा दाखविणे, ही योग्य सेटिंग होय.

तिसरी चूक सर्वांत फसवी, ती म्हणजे आधीच भरलेल्या शून्याची. अनेक अ‍ॅपमध्ये रकाना उघडताच त्यात ० दिसतो. सर्वेक्षकाने पांढरी माशी पाहिलीच नाही तरी नोंद ‘शून्य’ अशी जाते. ‘किडी नाहीत’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. असे खोटे शून्य मिसळले, की गावाची सरासरी खाली येते आणि उद्रेक उशिरा लक्षात येतो. रकाना सुरुवातीला रिकामाच असावा व ‘पाहणी केली नाही’ हा स्वतंत्र पर्याय उपलब्ध असावा.

या चुकांची किंमत शेतकरी मोजतो. अनावश्यक फवारणीत खर्च तर जातोच, शिवाय क्रायसोपा व लेडीबर्ड भुंगेऱ्यांसारखे मित्रकीटक मरतात. कपाशीत सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या अवेळी वापरानंतर पांढरी माशी उसळल्याचा अनुभव सर्वपरिचित आहे. गुलाबी बोंडअळीचा सल्ला उशिरा मिळाला, तर अळी बोंडात शिरलेली असते व फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून पातळी, एकक, नमुना संख्या व सल्ल्याचा मजकूर या चार सेटिंगसाठी पुढील शिस्त पाळावी :

• बदल करताना कारण व शिफारशीचा आधार लिहिणे सक्तीचे असावे.
• बदल कोणत्या तारखेपासून लागू हे नोंदवावे. जुन्या नोंदी जुन्याच पातळीने तपासलेल्या राहाव्यात.
• राज्य व पीकनिहाय सेटिंग वेगळी ठेवावी. एका राज्याची शिफारस दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होऊ नये.
• बदल थेट चालू प्रणालीत न करता चाचणी प्रणालीत मागील हंगामाच्या काही नोंदींवर चालवून पाहावा.
• कीटकनाशकाचे नाव व मात्रा मुक्त मजकुरात टाइप न करता मंजूर यादीतूनच निवडता यावी. यादीतून वगळलेले रसायन जुन्या संदेशाच्या नमुन्यात शिल्लक राहिले नाही ना, हेही तपासावे.

संदेश पाठविणाऱ्या प्रशासकाने आणखी एक बाब सांभाळावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थांना संदेशाचे शीर्षनाम व मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. अ‍ॅपमध्ये मजकूर बदलला पण नोंदणीकृत नमुना तोच राहिला, तर संदेश वाटेतच अडतो. अ‍ॅपवर मात्र ‘पाठविला’ असे दिसू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर संदेश प्रत्यक्ष पोहोचल्याची खात्री करावी.

खाते उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत

कीड सर्वेक्षकांची नेमणूक बहुधा हंगामापुरती असते. जूनमध्ये खाती धडाधड उघडली जातात. हंगाम संपल्यावर ती बंद करण्याची आठवण कोणालाच राहत नाही. अधिकाऱ्याची बदली होते, पण जुन्या तालुक्याचा अधिकार तसाच राहतो आणि नव्याची त्यात भर पडते. दोन-तीन बदल्यांनंतर एकाच व्यक्तीकडे गरजेपेक्षा कितीतरी अधिक अधिकार जमा होतात.

यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक हंगामी खात्याला उघडतानाच अंतिम तारीख देणे. मुदत वाढवायची असल्यास पर्यवेक्षकाने लेखी विनंती करावी. बदलीच्या वेळी कार्यमुक्तीच्या कागदपत्रांत ‘प्रणालीतील अधिकार काढले’ ही ओळ असावी. खाते बंद करावे, पुसू नये. खाते पुसले तर त्याने केलेल्या नोंदी अनाथ होतात. बंद खात्याच्या जुन्या नोंदी त्याच्या नावासह कायम राहिल्या पाहिजेत.

फोन हरवल्यास सर्वेक्षकाने कोणाला, किती वेळात कळवावे हे आधीच ठरलेले असावे. प्रशासकाने त्या फोनवरील सत्र रद्द करणे हे पहिले काम. पासवर्ड बदलणे त्यानंतर. केवळ पासवर्ड बदलल्याने काही प्रणालींत आधीच उघडे असलेले सत्र बंद होत नाही.

सर्वोच्च प्रशासकाची किमान दोन खाती दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावीत. एकच प्रशासक असेल व तो रजेवर गेला किंवा त्याचा फोन बिघडला, तर ऐन उद्रेकात प्रणाली कुलूपबंद राहते. रोजच्या कामासाठी प्रशासकानेही साधे खाते वापरावे व प्रशासकीय खाते गरजेपुरतेच उघडावे.

कोणी, केव्हा, काय बदलले

लॉगिन, अयशस्वी प्रयत्न, भूमिकेतील बदल, सेटिंगमधील बदल आणि माहितीचा साठा उतरवून घेणे, या पाच घटनांची नोंद प्रणालीने आपोआप ठेवली पाहिजे आणि ती प्रशासकालाही पुसता येऊ नये. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह अनेक संस्थांनी अशा नोंदी १८० दिवस जपणे, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळती ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे. पीक सल्ल्याच्या दृष्टीने पातळी व मजकुरातील बदलांच्या नोंदी मात्र कायमस्वरूपी ठेवाव्यात, कारण दोन हंगामांची तुलना करताना त्या लागतात.

नोंद ठेवणे पुरेसे नाही; ती वाचली पाहिजे. हंगामात आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात : एकाच खात्यावरून थोड्याच वेळात दूरदूरच्या गावांतून आलेल्या नोंदी, रात्री उशिरा एकगठ्ठा भरलेल्या नोंदी आणि सर्व रकान्यांत सारखेच आकडे. यांतील प्रत्येक वेळी गैरप्रकारच असेल असे नाही. नेटवर्क रात्री मिळाल्याने नोंदी एकदम पोहोचलेल्या असू शकतात. म्हणून नोंद भरल्याची वेळ आणि ती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ, दोन्ही साठविणे आवश्यक आहे.

शेतकऱ्यांची माहिती

सर्वेक्षणात शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक व शेताचे अक्षांश-रेखांश नोंदविले जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चा आशय साध्या शब्दांत असा : ठरलेल्या हेतूसाठी, आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी व ती सुरक्षित ठेवावी. किडीच्या सल्ल्यासाठी आधार क्रमांकाची गरज नाही. तो रकानाच नसावा. संशोधनासाठी माहिती देताना नाव व मोबाइल क्रमांक वगळून, स्थान गावपातळीपर्यंतच द्यावे. संपूर्ण साठा उतरवून घेण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींनाच असावा, कारण शेतकऱ्यांचे क्रमांक निविष्ठा विक्रेत्यांच्या हाती जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच असतो.

शेतकरी उत्पादक कंपन्या व प्रगतिशील शेतकऱ्यांसाठी

स्वयंचलित हवामान केंद्र, कॅमेरा बसविलेला कामगंध सापळा किंवा ठिबकचे स्वयंचलित नियंत्रण यांनाही प्रशासकाचे खाते असते. उपकरण बसविताना पुरवठादाराने दिलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. खाते पुरवठादाराच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या किंवा कंपनीच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवावे. अन्यथा सेवा करार संपताच स्वतःच्याच शेताची माहिती हाताबाहेर जाते. गड्याला किंवा पंपचालकाला वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे. संचालक मंडळ बदलल्यावर अधिकारांचे हस्तांतरण ठरावात नमूद करावे.

हंगामी वेळापत्रक

• मे : जुनी खाती तपासून बंद करणे, पातळी व एककांची पडताळणी, मंजूर रसायनांची यादी अद्ययावत करणे, चाचणी संदेश.
• जून : नवी खाती, प्रत्येकास स्वतंत्र लॉगिन व अंतिम तारीख, नोंद भरण्याचा प्रत्यक्ष सराव.
• जुलै ते नोव्हेंबर : साप्ताहिक लॉग तपासणी, बदली व हरवलेल्या फोनची तत्काळ नोंद.
• डिसेंबर : हंगामी खाती बंद, माहितीची सुरक्षित प्रत, सेटिंगमधील बदलांचा आढावा. रब्बी हरभऱ्याचे सर्वेक्षण सुरू असलेल्या ठिकाणी संबंधित खात्यांना मुदतवाढ.
• मार्च : सर्व प्रशासकीय खात्यांची फेरतपासणी; ती प्रत प्रत्यक्ष जमा करून पुन्हा चालू करून पाहणे.

यांपैकी सर्व गोष्टी एकदम शक्य नसतील तर तीन कामांपासून सुरुवात करावी : सामायिक लॉगिन बंद करणे, आर्थिक नुकसानीच्या पातळीत बदल करण्यासाठी दोन व्यक्तींची मंजुरी घेणे आणि रकान्यातील आयता शून्य काढून टाकणे. या तिन्हींसाठी नवे उपकरण किंवा मोठा निधी लागत नाही. बहुतेक प्रणालींत ती प्रशासकाच्या पटलावरून किंवा पुरवठादाराला दिलेल्या एका लेखी पत्राने करून घेता येतात, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा सल्ला त्यामुळे अधिक विश्वासार्ह होतो.